दहाव्याला दिलेला शब्द
(भाटघर येथे हुतात्मा दिनाच्या सभेत गिरणी कामगारांपुढे केलेले भाषण)



आम्ही काही वक्ते नव्हेत. मराठी चौथीपर्यंत शाळा शिकलो, पुढे पोटाने गिरणीत नेले. जे काही चार शब्द बोलायला शिकलो ते युनियनच्या कचेरीत आणि गेटवरच्या सभेत. तेव्हा बोलण्यात चूकभूल झाली तर पदरात घ्या. आज हुतात्मा दिन आहे. आज रडायचे की गर्जायचे, असे आम्हांला येताना एका म्हाताऱ्याने विचारले. त्याचेच उत्तर द्यायला उभे राहिलो आहोत.

आपण ज्या ठिकाणी जमलो आहोत त्या जागेचीच गोष्ट आधी सांगतो. हे समोरचे धरण. येळवंडी नदीवरचे. इंग्रजांच्या राज्यात, १९२७ साली हे पुरे झाले आणि गव्हर्नर लॉईड साहेबाचे नाव त्याला दिले. पाणी अडले इथे, आणि नीरेच्या कालव्यांनी ते गेले खाली बारामती-इंदापूरकडे. तिथे ऊस झाला, साखर झाली. आम्ही त्या शेतकऱ्यांचा हेवा करत नाही, तेही आपलेच भाऊ. पण खोऱ्यातली चांगली भातखाचरे पाण्याखाली गेली, वर डोंगराची वरकस जमीन उरली, आणि नाचणी-वरीवर पोट भरेना तेव्हा आमच्या आज्या-पणज्यांनी मुंबईची वाट धरली. भोर-वेल्ह्याचा माणूस गिरणीत हौसेने गेला नाही. मागे पाणी लागले म्हणून गेला.

तुम्ही सगळ्यांनी कांबऱ्याचे देऊळ पाहिले आहे. कांबरेश्वराचे. वर्षातले दहा महिने ते धरणाच्या पाण्यात बुडालेले असते. उन्हाळ्यात पाणी ओसरले की देऊळ उघडे पडते, मग माणसे चिखल तुडवत दर्शनाला जातात. बुडाले म्हणून देऊळ नाहीसे झाले असे कोणी म्हणत नाही. आज ज्या दुःखाविषयी बोलायचे आहे ते तसेच आहे, एवढेच ध्यानात ठेवा.

आता आमच्या खोलीतली गोष्ट.

आमच्या खोलीत आम्ही अकरा गडी राहत होतो, सगळे इकडचेच. दोन पाळ्यांचे माणूस, त्यामुळे एक उठला की त्याच्या जागेवर दुसरा पडायचा. त्यातला एक गडी याच खोऱ्यातला. त्याचे नाव आम्ही सांगत नाही. त्याचे घर इथून लांब नाही आणि त्याची पोरे आता मोठी झाली आहेत. तो बदलीवाला होता. रोज गेटवर उभे राहायचे, कोणी गैरहजर असेल तर काम, नाहीतर परत. एका रात्रपाळीत तो मशीनच्या पट्ट्यात सापडला. आम्ही पळत गेलो तोवर जे व्हायचे ते होऊन गेले होते.

त्याला गावी आणला. आम्ही चौघे बरोबर आलो. दहाव्याला नदीवर पिंड ठेवला, आणि कावळा शिवेना. तुम्हांला हे सांगायला नको. ऊन चढले, भटजी घामाघूम झाले, कावळे झाडावर बसून होते पण खाली उतरत नव्हते. एकेक जण पुढे होऊन बोलू लागला. भाऊ म्हणाला, “आईला मी सांभाळीन.” नाही शिवला. सासरा म्हणाला, “पोरीला मी अंतर देणार नाही.” नाही शिवला. शेवटी आमच्यातला थोरला पुढे झाला, हात जोडले आणि म्हणाला, “गड्या, तुझा हिशेब आम्ही चुकता करून घेऊ. पोरांना उघडं पडू देणार नाही.” आणि कावळा उतरला.

कोणी म्हणेल ही अंधश्रद्धा. असेल. कावळ्याला भूक लागली म्हणून उतरला असेल. आम्ही त्या वादात पडत नाही. आम्ही एवढेच पाहिले की तो शब्द ऐकून त्याची म्हातारी आई, जी दहा दिवस दगडासारखी बसली होती, ती हलली. मेलेल्या माणसाला शब्द द्यावा लागतो तो जिवंत माणसांसाठी, हे आम्ही त्या दिवशी शिकलो.

पण बंधूंनो, शब्द देणे सोपे असते. आम्ही परत गिरणीत गेलो आणि तीन आठवडे गप्प बसलो. हे आज चारचौघांत सांगायला लाज वाटते, पण सांगितले पाहिजे. गिरणीवाल्यांनी सांगितले की त्या रात्री हा माणूस कामावरच नव्हता. हजेरीपटावर त्याचे नाव नाही. बाहेरचा माणूस आत शिरला आणि मेला, त्याला गिरणी काय करणार? आम्हांला ठाऊक होते की तो कामावर होता. मुकादमाने त्याला आमच्यासमोर मशीनवर उभे केले होते. त्या पट्ट्यावरची जाळी साफसफाईला अडते म्हणून महिन्यापूर्वी काढून ठेवलेली, तीही आम्ही रोज बघत होतो. पण आम्हीही त्या गिरणीत मिळवत होतो. बोललो तर आपली पाळी जाईल, ही भीती होती. रात्री खोलीत त्याची रिकामी जागा असायची, त्या जागेवर कोणी पाठ टेकेना, आणि कोणी त्याचे नावही काढेना.

मग त्याची बायको आली. एस. टी. ने, कडेवर धाकटे पोर घेऊन. गिरणीतून एक कारकून गावी येऊन तिला थोडी रक्कम देऊ करून गेला होता. एका कागदावर अंगठा करायचा होता. तो कागद घेऊन ती आमच्या खोलीवर आली. आम्हांला वाटले, पैसे घ्यावेत की नाही हे विचारायला आली असेल. तिने कागद बाजूला ठेवला आणि विचारले, “भावजी, त्यांचं काय झालं ते मला खरं सांगा. ते शेवटी काही बोलले का?”

पैशाचा शब्द नाही. पहिला प्रश्न हा.

आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघितले. मग थोरल्याने सगळे सांगितले. मुकादमाने उभे केले, जाळी नव्हती, आम्ही पोचलो तेव्हा त्याला बोलता येत नव्हते. आणि हेही सांगितले की “वहिनी, आम्ही तीन आठवडे भ्यालो म्हणून बोललो नाही.” ती बाई तेव्हा रडली. नवरा गेल्यापासून पहिल्यांदा रडली, असे तिच्या सासूने पुढे आम्हांला सांगितले. ती आमच्यावर रागावली नाही. म्हणाली, “आता सगळ्यांसमोर असंच सांगा.”

आम्ही सांगितले. युनियनने अर्ज लिहिला, आम्ही सह्या केल्या, साहेबापुढे एकेकाने उभे राहून साक्ष दिली. आमच्यातल्या दोघांची बदली सहा महिने बंद झाली; त्यांचे खानावळीचे पैसे बाकीच्यांनी भरले. तारखा पडत गेल्या. वकिलाने आम्हांला सांगितले ते तुम्हीही लक्षात ठेवा. १९२३ साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला. माणूस कामावर मेला तर मालकाने परस्पर विधवेच्या हातावर चार नोटा ठेवून मोकळे व्हायचे नाही, भरपाईची रक्कम आयुक्ताकडे भरायची, असे त्या कायद्यातच लिहिले होते. का लिहिले असेल? अंगठा उठवून घेणारे लोक तेव्हाही होते म्हणून. पुढे १९४८ साली कामगार राज्य विम्याचा कायदा झाला, त्यात विमा लागू असलेल्या कामगाराच्या विधवेला आणि लहान मुलांना दरमहा पेन्शन ठरले. कायद्यांची नावे बदलतात, नवे कायदे येतात. पण कामावर मेलेल्या माणसाच्या घराला मिळते तो हक्क आहे, भीक नव्हे, हे आपल्या आधीच्या कामगारांनी कमावून ठेवले आहे. त्याला मुदत असते, ती उलटू देऊ नका. आणि कोऱ्या वा न वाचलेल्या कागदावर अंगठा देऊ नका.

शेवटी तो कामावर होता असे कागदावर आले. घरात महिन्याचे पैसे सुरू झाले. त्या पट्ट्यावर जाळी बसली. माणूस काही परत आला नाही. पण ज्या दिवशी निकाल झाला त्या रात्री त्याच्या जागेवर आमच्यातला एक जण आडवा झाला आणि झोपला. कोणी काही बोलले नाही. आम्हां सगळ्यांना त्या रात्री झोप लागली.

ही एका घराची गोष्ट झाली. आता १०५ घरांची ऐका, कारण त्यासाठीच आज आपण जमलो आहोत.

२१ नोव्हेंबर १९५५. राज्य पुनर्रचना आयोगाने मराठी माणसाला सलग राज्य नाकारले होते, मुंबई आपल्यापासून तोडायची भाषा चालली होती. त्या दिवशी कामगारांनी संप केला. गिरण्या थांबल्या आणि माणसे फ्लोरा फाउंटनकडे निघाली. हातात काय होते? झेंडे आणि घोषणा. गोळीबार झाला. पंधरा माणसे गेली. पुढे १६ जानेवारी १९५६ ला पंडित नेहरूंनी मुंबई केंद्राच्या ताब्यात राहील असे जाहीर केले आणि मुंबई पेटली. त्या आठवड्यात लालबाग-परळपासून गिरगावपर्यंत पुन्हा गोळ्या झाडल्या गेल्या. तिकडे बेळगाव-निपाणीलाही रक्त सांडले. मुंबई राज्याचे मुख्यमंत्री तेव्हा मोरारजी देसाई होते.

आपण सवयीने १०५ हुतात्मे म्हणतो. पुढे यादीत भर पडली, १०६ म्हणू लागले, कोणी १०७ म्हणतात. बघा मंडळी, मेलेल्यांची मोजणीसुद्धा एका दमात झाली नाही. आकडा तोंडात बसतो आणि माणूस विसरतो. म्हणून आज काही नावे घेतो. सीताराम बनाजी पवार. भास्कर नारायण कामतेकर. धर्माजी नागवेकर. निवृत्ती विठोबा मोरे. निपाणीच्या कमलाबाई मोहिते. आणि ही पुढची नावे कान देऊन ऐका. जोसेफ डेव्हिड पेजारकर. चिमणलाल शेठ. के. जे. झेवियर. पी. एस. जॉन. वेदीसिंग. गुजरात्यांच्या विरुद्ध मराठ्यांचे भांडण असे जे सांगतात त्यांना ही यादी वाचून दाखवा. गोळीने जात विचारली नाही, भाषा विचारली नाही, आणि यादीनेही विचारली नाही. एका रस्त्यावर पडले, एका यादीत आले.

या घरांनी तेव्हा काय मागितले? आमच्या वहिनीने मागितले तेच. काय झाले ते खरे सांगा. गोळी घालायचा हुकूम कोणी दिला, का दिला, छातीत गोळ्या का लागल्या, घरात बसलेल्याला का लागली, याची न्यायालयीन चौकशी करा. ती चौकशी झाली नाही. मागणी नाकारली गेली.

तेव्हा दिल्लीत एक माणूस अर्थमंत्री होता. चिंतामणराव देशमुख. आपल्या वरंधा घाटाच्या खाली महाड आहे, त्या बाजूच्या नाते गावात जन्मलेला. रिझर्व्ह बँकेचा गव्हर्नर झालेला, मोठा विद्वान. त्यांनी १९५६ च्या जुलैत राजीनामा दिला. लोकसभेत उभे राहून मुंबई तोडण्याचा निषेध केला, आणि इतकी माणसे गोळीला बळी पडूनही चौकशी नाकारली याबद्दल सरकारला जाब विचारला. त्यांचे स्वतःचे घर त्या गोळीबारात उजाड झाले नव्हते. तरी त्यांनी खुर्ची सोडली. आम्ही चौघे पाळीच्या भीतीने तीन आठवडे गप्प बसलो, तेव्हा हा माणूस आम्हांला आठवला आणि मान खाली गेली.

चौकशी नाही म्हणून लोक गप्प बसले का? नाही. ६ फेब्रुवारी १९५६ ला पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती उभी राहिली. सेनापती बापट, एस. एम. जोशी, कॉम्रेड डांगे, आचार्य अत्रे, एरवी एका पाटावर न बसणारी माणसे एकत्र आली. अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे डफ घेऊन गावोगाव गेले. ज्या घरातला माणूस गेला त्या घराचे दुःख त्यांनी मैदानावर आणले. घरात कोंडलेले रडे हजारोंच्या तोंडी गेले, म्हणजे त्या आईला कळले की माझा मुलगा माझ्या एकटीचा नव्हता. मग १९५७ च्या निवडणुकीत लोकांनी मतपेटीतून उत्तर दिले. सरकारने चौकशीची कचेरी उघडली नाही, तेव्हा साक्ष द्यायला माणसे मतदानाच्या रांगेत उभी राहिली. आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झाले, मुंबईसह झाले. फ्लोरा फाउंटनचा हुतात्मा चौक झाला. तिथे मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार उभे आहेत.

पण हिशेब पुरा झाला का? आम्ही खोटे बोलणार नाही. राज्य मिळाले, स्मारक झाले. चौकशी मात्र तेव्हा नाकारली ती नाकारलीच. आणि निपाणीच्या कमलाबाईंचे नाव आपल्या यादीत आहे, पण त्यांचे गाव आपल्या राज्यात नाही. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. म्हणजे दहाव्याला दिलेल्या शब्दातला एक भाग अजून बाकी आहे. तो बाकी आहे असे दरसाल म्हणत राहणे, एवढे तरी आपल्या हातात आहे.

आता तुम्ही म्हणाल, गोळीने मेला त्याचा गुन्हेगार ठाऊक असतो, पट्ट्यात सापडला त्याचा मालक ठाऊक असतो. ज्याच्या मरणाला कोणीच धनी नाही त्याने न्याय कुठे मागायचा? हा प्रश्न इथे भाटघरलाच विचारायला हवा. १९ मे २०२२ ला नऱ्हे गावाजवळ याच धरणाच्या पाण्यात एकाच कुटुंबातल्या पाच तरुण बायका बुडाल्या. पाण्याचा अंदाज आला नाही. कोणावर खटला भरायचा? धरणावर? पावसावर?

आम्हांला वाटते, तिथेही न्याय मागता येतो, फक्त त्याचे तोंड पुढच्या बाजूला असते. जिथे उतार आहे तिथे खोली सांगणारी पाटी आहे का? दोर आहे का? पोहणारे दोन गडी गावाने नेमले आहेत का? शाळेतल्या पोरीला कोणी पोहायला शिकवले का? पाणी अडवून शंभर वर्षे होत आली, आणि ज्यांच्या जमिनी त्या पाण्याखाली आहेत त्यांच्याच लेकीबाळींना त्याची खोली ठाऊक नसावी, हे आपण चालू द्यायचे का? दुसरे घर असे उजाड होऊ न देणे हाही गेलेल्याचा हिशेब चुकता करणेच आहे. पट्ट्यावर जाळी बसली तेव्हा वहिनी म्हणाली होती, “आता दुसरीचा वाचेल.” कारकुनाने देऊ केलेल्या रकमेपेक्षा तिला ते मोठे वाटले.

शेवटची एक गोष्ट, आणि ती आपल्या घरातली आहे. सरकारकडे न्याय मागायला आपण मोर्चा नेतो. पण ज्या बाईचा नवरा गेला तिच्याशी आपण काय करतो? तिच्या बांगड्या फोडतो, कपाळ पुसतो, मंगळसूत्र काढतो, हळदीकुंकवाला तिला बोलवत नाही. तिचे आधीच सगळे गेलेले असते, उरलेले आपण काढून घेतो. गिरणीवाला तरी परका होता. आपण कोण? कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात हेरवाड म्हणून गाव आहे. त्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव केला की आमच्या गावात विधवेच्या या प्रथा बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनीही तसे करावे म्हणून परिपत्रक काढले. एका खेड्याने केले ते आपल्या खोऱ्याला का करता येऊ नये? आमच्या वहिनीच्या सासूने कोणाच्या ठरावाची वाट बघितली नाही. निकाल झाल्यावर तिने सुनेच्या हातात हिरव्या बांगड्या भरल्या आणि म्हणाली, “माझा लेक गेला, तू का जिवंतपणी मरतीस?” न शिकलेली म्हातारी. तिच्यापुढे आम्ही हात जोडले.

तर त्या म्हाताऱ्याला आमचे उत्तर असे. बाबा, रडायचेही आणि गर्जायचेही. रडे कोंडून गर्जलास तर तो आवाज पोकळ येईल. नुसता रडत बसलास तर गिरणीवाला आणि सरकार दोघांनाही ते सोयीचे पडेल. आधी खरे काय झाले ते सगळ्यांसमोर सांग. मग घर उघडे पडू देऊ नकोस. मग दुसऱ्याचे घर पडू नये म्हणून उभा राहा. आणि हे एकट्याने करू नकोस, कारण एकट्याने होत नाही. आम्ही तीन आठवडे एकेकटे होतो म्हणूनच भ्यालो.

आज घरी जाल तेव्हा या नावांतले एक नाव आपल्या पोराला सांगा. एकच सांगा, पण पुरे सांगा, बापाच्या नावासकट. पुढच्या उन्हाळ्यात पाणी उतरेल, देऊळ दिसेल, तुम्ही दर्शनाला जाल. तेव्हा खाली गेलेल्या भातखाचरांच्या काठावर घडीभर थांबा आणि स्वतःला विचारा, दहाव्याला दिलेला शब्द आपण पाळला का?

हुतात्म्यांचा हिशेब पुरा झालाच पाहिजे!
हुतात्मे अमर रहे!
जय महाराष्ट्र!